बाहेरचा तिसरा दात

थोरलीला मागून उतरवायची आहे, असं काकांनी सकाळच्या चहाला जाहीर केलं, तेव्हाच काकूंना वाटलं, की कुठेतरी पाणी मुरतंय.

थोरली म्हणजे त्यांची कॅम्पर व्हॅन. मुलगा व्हायच्या दोन वर्षं आधी ती घरात आली, म्हणून ती थोरली आणि तो धाकटा, असा हिशेब त्या घरात कायमचा ठरून गेला होता. आत दोघांपुरता पलंग, घडीचा ओटा, काकूंच्या हातचे पडदे, आणि छपराच्या मागच्या भागावर उघडता येणारा टप. हा टप मिटला तरी पुरता मिटत नसे, जरा वरच राही. गेली अडतीस वर्षं थोरली घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती आणि तिच्या दिसण्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती.

"उतरवायची म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"मागची बाजू सात सेंटिमीटर खाली घ्यायची. हल्ली सगळे घेतात. बरी दिसते."

बरी दिसते! कारखान्यात चौतीस वर्षं फिटर म्हणून काढलेला हा माणूस. शर्टाची कॉलर विरली की काकूंकडून ती उलटी शिवून घ्यायचा आणि पुढची चार वर्षं तोच शर्ट घालायचा. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, पण बायकोलाही तो कधी "बरी दिसतेस" म्हणाल्याचं काकूंना आठवत नव्हतं. त्याला आज एकाएकी गाडीच्या पार्श्वभागाचं सौंदर्य सुचावं, हे काकूंच्या गळी उतरेना. पण त्या म्हणाल्या, "बरं."

काकूंची शिवणाची खोली रस्त्याच्या बाजूला होती. एका भिंतीला मशीन, दुसरीला कापडांचे गठ्ठे, आणि मधोमध आठ फुटांचं कापणीचं टेबल. हे टेबल काकांनीच त्या खोलीत बसून जोडलं होतं, त्यामुळे ते दारातून बाहेर निघत नसे. गल्लीतल्या तीन पिढ्यांचे कपडे त्या टेबलावर कापले गेले होते. गिऱ्हाईक मापाला यायचं, अर्धा तास बसायचं, आणि साऱ्या गावाची खबर ठेवून जायचं. काकूंना मैत्रिणी अशा वेगळ्या कधी शोधाव्या लागल्या नाहीत.

त्या खोलीच्या खिडकीतून शेड दिसे. त्याच दिवशी काकूंनी पाहिलं, की काका टेप घेऊन थोरलीभोवती फिरताहेत. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता, डाव्यालाही बारीक धड दिसत नसे, ऑपरेशनला अजून महिना होता, म्हणून ते टेपला नाक लावून आकडे वाचत होते. आणि ते मोजत काय होते? मागच्या टपाच्या माथ्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर. एकदा, दोनदा, तीनदा. मग खिशातून चिठ्ठी काढून काहीतरी लिहिलं आणि मान वर करून खिडकीकडे पाहिलं. काकूंनी लगेच सुईत दोरा ओवायला घेतला.

चार दिवसांनी कोपऱ्यावरचा गॅरेजवाला आपली डांगरी ढिली करून घ्यायला आला. तोंडात टाचण्या धरून काकूंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, गाडी मागून उतरवतात, ती कशासाठी?"

"शायनिंगसाठी काकू, दुसरं काय. चाक आणि वरची कमान यांच्यात फट राहते ना, ती मिटवायला. दोन बोटं फट राहिली की पोरं खूश."

"म्हणजे मोजायचं ते चाकापाशी."

"चाकापाशीच. छप्पर कोण कशाला मोजेल? दारातून जात नसेल तर गोष्ट वेगळी." तो हसला. "काका करतायत ना? माझ्याकडून जॅक नेलाय त्यांनी. त्यांना म्हणावं, सांभाळून. तुमच्या गाडीला मागे स्प्रिंग नाही, आडवा पोलादी दांडा आहे. ओली चादर पिळावी तसा तो पिळला जातो आणि गाडी तोलून धरतो. ताण असतो त्यात. हात सापडला तर गेला."

काकूंच्या डोक्यात ताणबिण काही शिरलं नाही. दारातून जात नसेल तर गोष्ट वेगळी, एवढंच शिरलं. त्या रात्री जेवणं उरकल्यावर त्यांनी शेडच्या दाराची उंची मोजली. अडीच मीटर. थोरली त्यातून डोकं न वाकवता जात होती, अडतीस वर्षं जात होती. मग कुठलं दार?

धुवायच्या शर्टाच्या खिशात चिठ्ठी सापडली, तीही दोनच दिवसांत. चोरी करावी तर नीट करावी. पण बायको खिसे तपासून कपडे भिजवते हे एकेचाळीस वर्षांत ज्याला कळलं नाही, त्याने चोरीच्या फंदात पडू नये. चिठ्ठीवर वर २०६ आणि खाली २०० लिहिलं होतं. मध्ये वजाबाकीची खूण, आणि उरलेल्या सहाच्या आकड्याभोवती दोनदा गोल. काकूंनी चिठ्ठी होती तशी घडी करून कपाटावर ठेवली आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्या खिशात कागद होता." काकांनी तो न बघताच खिशात घातला आणि पाणी प्यायला आत गेले.

मग सुनेचा फोन आला. सून बोलायला गोड, पण कामाशिवाय फोन करणारी नव्हे. "आई, एक काम होतं. आमच्या तिसऱ्या खोलीला पडदे हवे होते. तुमच्या आवडीचं कापड घ्या."

"माझ्या आवडीचं कशाला? राहणार तुम्ही."

सून घाईघाईने म्हणाली, "सहज म्हटलं हो. तुमची आवड चांगली आहे ना."

त्या तिसऱ्या खोलीत आजवर इस्त्रीचा ढीग, जुनी सायकल आणि मुलाचं न वापरलेलं व्यायामाचं यंत्र, एवढं कुटुंब राहत होतं. त्यांना पडदे कशाला? काकू दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन बसमध्ये बसल्या. मुलाची इमारत नवी, अकरा मजल्यांची. समोरची लिफ्ट बंद होती, म्हणून रखवालदाराने त्यांना तळघरातल्या पार्किंगमधून जायला सांगितलं. काकू उतार उतरू लागल्या आणि तोंडाशीच थबकल्या. वरून दोन साखळ्यांनी एक आडवा पाइप टांगला होता, काळे-पिवळे पट्टे मारलेला. शेजारी पाटी होती: वाहनाची उंची २०० सें.मी. पर्यंत.

काकू त्या पाटीखाली किती वेळ उभ्या राहिल्या कोण जाणे. मागून आलेल्या मोटारीने भोंगा दिला तेव्हा त्या बाजूला झाल्या.

वर गेल्या. तिसरी खोली रिकामी होती. सायकल गेली होती, यंत्र गेलं होतं, भिंतीला ताजा रंग होता. काकूंनी खिडकीचं माप घेतलं आणि मग, सून चहा टाकायला गेल्यावर, खोलीचंही घेतलं. दहा फूट बाय नऊ. एका भिंतीला मोठं कपाट आधीच उभं केलेलं. पलंग टाकला की माणसाला वळायला जागा राहिली असती, टेबलाला नाही.

येताना बसमध्ये त्यांना रडू आलं नाही, राग आला. राहतं घर विकायचं, धाकट्याकडे जाऊन राहायचं, हे बापलेकांनी परस्पर ठरवलं होतं. सुनेला माहीत होतं. कदाचित रखवालदारालाही माहीत असेल. माहीत नव्हतं ते फक्त काकूंना, आणि त्यांच्या त्या खोलीचे पडदे त्यांच्याकडूनच शिवून घेतले जात होते.

तरी काकू बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं, सांगेल. स्वतःहून सांगितलं तर भांडू, रडू, दोन दिवस जेवणार नाही, पण निदान समोरासमोर. त्यांनी वाटाही करून दिल्या. "घर आता मोठं वाटतं नाही हो दोघांना?" असं त्या एकदा म्हणाल्या. काका म्हणाले, "झाडायला त्रास होत असेल तर बाई लाव." दुसऱ्यांदा म्हणाल्या, "थोरलीला दुसरीकडे कुठे ठेवायची वेळ आली तर?" काकांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी तो खाल्ला आणि म्हणाले, "कशाला येईल?" ताकाला जाऊन भांडं लपवणारे काकूंनी पुष्कळ पाहिले होते. हा तर ताक पिऊन मिशा पुसत होता.

कामाचा दिवस उजाडला. काकांनी सकाळीच थोरलीचं मागचं अंग उचलून लोखंडी टेकूच्या घोड्यांवर ठेवलं, दोन्ही चाकं काढली आणि काकूंना हाक मारली. "अगं, टॉर्च घेऊन ये. मला तुझे डोळे लागणार आहेत."

काकू पदर खोचून शेडमध्ये बसल्या. काकांनी आधी त्यांना लांब सरकवलं, जॅकच्या आधाराने ताण सोडला, आणि दांड्याला चाकाशी जोडणारी एक जाड पोलादी पट्टी खाली आली तेव्हा त्यांनी स्वतः रोखलेला श्वासही सोडला. मग समजावून सांगू लागले. काम समजावून सांगताना काका नेहमी तरुण दिसत. कारखान्यातही शिकाऊ मुलं त्यांच्याभोवती गोळा व्हायची, असं काकूंनी ऐकलं होतं.

"हे बघ. हा दांडा. याच्या दोन्ही टोकांना दात आहेत. आतल्या टोकाला चाळीस, बाहेरच्या टोकाला चव्वेचाळीस. आतला एक दात म्हणजे नऊ अंश. बाहेरचा आठाच्या जरासा वर. आत तीन दात उतरवायचे आणि बाहेर दोन चढवायचे. सत्तावीस उणे साडेसोळा. उरले साडेदहा. म्हणजे सात सेंटिमीटर."

"नुसतं आतूनच का नाही उतरवत?"

"मग एकदम नऊ किंवा एकदम अठरा. मधलं माप मिळत नाही. म्हणून एकीकडून घ्यायचं, दुसरीकडून थोडं परत द्यायचं." काकांना ही युक्ती फार आवडलेली दिसत होती. "आतलं मला हाताने कळतं. बाहेरचं दिसावं लागतं, आणि मला तिथे सगळं धुकं दिसतं. तू खूण कर."

काकूंनी शिवणाचा खडू आणला होता, पण तेलकट लोखंडावर तो उमटेना. मग त्यांनी घरातून सुनेची राहून गेलेली नेलपॉलिशची लाल बाटली आणली आणि दांड्यावर व पट्टीवर समोरासमोर एकेक ठिपका दिला. काकांनी दांडा अर्धा बाहेर ओढला, डोळे मिटून फिरवला, टक, टक, टक, असे तीन दात मोजले आणि आत सारला. मग पट्टी उचलून दांड्याच्या तोंडाशी धरली.

"सांग आता. लाल ठिपक्यापासून वर."

पट्टी एक दात वर गेली. "एक," काकू म्हणाल्या.

पट्टी आणखी सरकली. ठिपक्यांमध्ये आता बरोबर दोन दातांचं अंतर होतं. टॉर्चच्या उजेडात ते इतकं स्वच्छ दिसत होतं, की गल्लीतल्या कुणालाही सांगता आलं असतं. काकू गप्प राहिल्या.

"झाले?"

काकूंना तेव्हा काय काय आठवलं ते सांगता येणार नाही, पण हिशेब मात्र त्यांनी केला. आयुष्यभर इंचाचे आठ भाग करून जगलेल्या बाईला अंशांचा हिशेब काय जड जातो? बाहेर तीन चढले तर साडेचोवीस. सत्तावीस उणे साडेचोवीस. उरले अडीच. थोरली जेमतेम बोटभर उतरेल.

"अजून एक," काकू म्हणाल्या.

काकांनी पट्टी आणखी एक दात वर नेली. "आता?"

"दोन."

काकांनी लगेच पट्टी आत ठोकली. पुन्हा विचारलं नाही, डोळा बारीक करून वाकून पाहिलंही नाही. काकू म्हणतात दोन, म्हणजे दोन. उजव्या बाजूलाही तसंच झालं. दुसऱ्यांदा खोटं बोलायला काकूंना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागला, आणि याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

चाकं चढली, थोरली जमिनीवर आली, काकांनी तिला चारदा पुढेमागे ढकलून बसती केली. मग टपाच्या माथ्यावर आडवी फळी ठेवून टेपचं वरचं टोक धरलं. "किती?"

टेपवर दोनशे चार आणि वर थोडं होतं. "एकशे नव्व्याण्णव," काकू म्हणाल्या.

काकांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. काकूंनी टेप गुंडाळायला घेतला, कारण त्या चेहऱ्याकडे त्यांना पाहवेना.

"चल," काका हात पुसत म्हणाले, "धाकट्याला दाखवून येऊ."

वाटेत काका खूप बोलले. वळणावर कशी चिकटून चालते बघ, म्हणाले. काकू हं हं करत होत्या. थोरली पूर्वी चालायची तशीच चालत होती. इमारत आली. काकांनी समोरच्या रस्त्यावर मोकळी जागा असूनही गाडी सरळ तळघराच्या उताराकडे घेतली आणि जणू आत्ताच सुचलं अशा आवाजात म्हणाले, "खालीच लावू या. ऊन आहे."

पुढची काच पाइपखालून गेली. पुढचं छप्पर गेलं. काका ओठ आवळून गोगलगायीच्या चालीने गाडी नेत होते. मग वर ठण्ण झालं, साखळ्या खुळखुळल्या, आणि थोरली थांबली.

रखवालदार खोलीतून बाहेर आला, त्याने मान तिरकी करून पाहिलं. "नाही जायची काका. दोन-तीन बोटं जास्त आहे."

काका उतरले. मागे गेले. टपावर हात ठेवून, पाइपला हात लावून, बराच वेळ चाचपत राहिले. परत येऊन सीटवर बसले तेव्हा त्यांनी दार ओढून घेतलं नाही.

"बाहेर तीन चढवले," ते म्हणाले.

"हो."

"दोन्ही बाजूंना?"

"एका बाजूला चढवले असते तर गाडी लंगडली असती."

काकांनी स्टिअरिंगवरचा हात काढला आणि पुन्हा ठेवला. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"पडद्यांचं माप घेतलं तेव्हापासून. आधी वाटलं, सांगाल. आज सांगाल, उद्या सांगाल. टॉर्च धरून बसले तेव्हासुद्धा वाटलं."

"सांगणारच होतो. आधी हिची सोय लागते का बघत होतो. हिला जागा नसती तर मी नाहीच म्हणणार होतो त्याला. तशी अटच घातली होती."

ते हे अगदी खरं बोलत होते, आणि काकूंना सगळ्यात जास्त लागलं ते हेच. "थोरलीसाठी अट घातलीत," त्या म्हणाल्या. "तिची उंची मोजलीत. दात मोजलेत. अंशाअंशाचा हिशेब केलात. माझं टेबल आठ फुटांचं आहे, ते तुम्हीच बनवलंय. ते त्या खोलीत बसतं का, हे तुम्हाला एकदाही मोजावंसं वाटलं नाही?"

काकांनी उघडं राहिलेलं दार ओढून घेतलं.

"माझ्या लक्षातच आलं नाही गं," ते शेवटी म्हणाले.

"तेच म्हणतेय मी."

"घर नाही विकायचं." ते पाइपकडे बघत बोलत होते. "सांगतो त्याला. आजच सांगतो. आपण इथे येणार नाही."

काकूंच्या छातीवरचा कित्येक दिवसांचा दगड उतरला. त्यांना वाटलं, याच्या दंडावर हात ठेवावा. पण तेवढ्यात मागून भोंगा वाजला. एक मोटार उतार उतरून त्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती.

"मागे घ्यायला हवी," काका म्हणाले आणि मागचा गिअर टाकला.

थोरलीला मागचं काही दिसत नसे. टप, पलंग, पडदे, सगळं आड येई. म्हणून अडतीस वर्षं ती मागे जात असे ती काकूंच्या आवाजावर. कड्याच्या काठावरून, नदीच्या पात्रातून, अरुंद गल्ल्यांतून काकू खिडकीबाहेर मान काढून "या, या" म्हणत आणि काका आरशात न बघता गाडी घेत. आताही काकूंनी काच खाली केली, मान बाहेर काढली. मागची मोटार समजुतीने बरीच वर सरकली होती.

"या," काकू म्हणाल्या. "या अजून. भरपूर जागा आहे."

थोरली हातभर मागे गेली आणि थांबली.

"या ना. काही नाही मागे."

काकांनी हँडब्रेक ओढला. काकूंकडे न पाहता ते खाली उतरले, थोरलीच्या कडेकडेने हाताने चाचपत मागे गेले, आणि मोतीबिंदूचा डोळा तळहाताने झाकून, कमरेत वाकून, मागची मोटार किती लांब आहे ते स्वतः बघू लागले. रखवालदारही बघत होता. काकूंची मान खिडकीबाहेरच राहिली.

मागे चांगली सहा फूट जागा होती. या वेळी काकूंनी खरं सांगितलं होतं.